चुका कोणाच्या नावावर

चुकांचा तो तक्ता भिंतीवर मीच चिकटवला होता. स्वतःच्या हाताने, खळ लावून, चारही कोपरे अंगठ्याने दाबून. आज इतक्या वर्षांनी कोणी माझ्या कामाचं कौतुक करायला लागलं की मला तो तक्ता आठवतो आणि डोकं फिरतं. आधी मी स्वतःवर चिडतो, मग साहेबांवर, आणि मग त्या सगळ्यांवर जे तक्त्यासमोर उभे राहून चहा पीत हसले. हा क्रम अजून बदललेला नाही.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. तुमसरला एका योजनेचं कार्यालय होतं, धानाच्या पाहणीचं. जिल्हाभरातून कार्डं भरून यायची. शेतकऱ्याचं नाव, गाव, धानाचं वाण, पाणी तलावाचं की बोडीचं, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याचं, की विहिरीचं, रोवणी म्हणजे धानाची लावणी कधी झाली, कीड कोणती पडली. ही कार्डं कॉम्प्युटरमध्ये भरायचं आमचं काम. कॉम्प्युटर एकच, कपाटाएवढा, आणि त्याला जोडलेले चार पडदे. चार पडद्यांवर चार ऑपरेटर बसायचे आणि प्रत्येकाकडे जिल्ह्याचा एकेक भाग असायचा. मी प्रोग्रॅम लिहिणारा. नागपूरला वर्षभराचा कोर्स करून आलो होतो. वय चोवीस, आणि अक्कल त्याहून बरीच कमी.

कार्यालय होतं एका राइस मिलच्या गोदामावरच्या माळ्यावर. भाडं कमी म्हणून साहेबांनीच ती जागा पसंत केली होती. खाली मिल सुरू झाली की कोंड्याचा बारीक धुरळा वर यायचा आणि दिवे मंद व्हायचे. सगळी माहिती जिच्यावर साठते त्या डिस्कला धूळ सोसत नाही, विजेची ओढाताण तर त्याहून सोसत नाही, हे मी साहेबांना पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. त्यांनी खिडक्यांना ओल्या चादरी बांधायला सांगितल्या. चादरी दुपारपर्यंत वाळून कडक व्हायच्या आणि शिपाई त्या झटकायचा, आतल्या बाजूला.

चौघांत बाई एकच. सिहोऱ्याची. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचो आणि ती मला भाऊ. घरी धानाची शेती. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, टायपिंग लग्नानंतर शिकली, दोन लेकरं सासूजवळ ठेवून. सकाळी नवरा तिला सायकलवर बसस्टँडपर्यंत सोडायचा, ती पहिल्या गाडीने तुमसरला यायची आणि आमच्या सगळ्यांच्या आधी माळ्यावर हजर असायची. बाकीचे तिघे गावातच राहणारे. जवळ राहणारा उशिरा येतो, हा तर जगाचा नियमच आहे.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगतो, कारण सगळा घोळ तिच्यात आहे. चौघांच्या कार्डांच्या फाइली वेगवेगळ्या होत्या, पण गावांची यादी एकच होती, चौघांत सामाईक. करडी म्हटलं की ते मोहाडी तालुक्यातलं, सिहोरा म्हटलं की तुमसरातलं, हे सगळं त्या यादीत. कॉम्प्युटर संध्याकाळी बंद करायचो. सकाळी जो पहिला बसेल त्याच्या पडद्यावरून ती अख्खी यादी डिस्कवरून वाचून घ्यावी लागायची. त्याला अर्धा तास जायचा. एकदा वाचली की ती यंत्राच्या डोक्यात बसायची आणि मग बाकीच्यांना आयती मिळायची. याला आम्ही ‘यादी उघडणं’ म्हणायचो. तो अर्धा तास कोणालाच नको असायचा. ताई पहिली यायची, म्हणून यादी तीच उघडायची. बाकीचे जिन्यावरूनच विचारायचे, “ताई, यादी उघडली का?” उघडली म्हटलं की खुर्च्या ओढायचे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला साहेबांनी मला बोलावलं. वर्षाच्या आत चारपैकी तीन ऑपरेटर कायम होणार आणि एकाला घरी जावं लागणार. ते कोणी ठरवायचं? साहेबांचं उत्तर तयार होतं, आकड्यांनी ठरवायचं. “म्हणजे माझ्यावर कोणी बोट ठेवणार नाही,” ते म्हणाले. प्रत्येकाच्या नावावर महिन्याला किती चुका पडल्या याचा तक्ता यंत्राकडूनच काढायचा.

यंत्राला दोन तऱ्हेच्या चुका कळायच्या. एक, माणसाच्या हातची. महिना तेरावा टाकला, वाणाच्या जागी गाव टाकलं, असली. दुसरी, डिस्कवरची. मिलमधून निघालेल्या पोत्यावर वजन लिहितात आणि गाडीवर चढवताना ते पुन्हा काट्यावर ठेवतात, तसं यंत्र डिस्कवरच्या प्रत्येक पानाखाली त्या पानाची बेरीज लिहून ठेवायचं आणि वाचताना पुन्हा बेरीज करायचं. जुळली नाही तर पान बिघडलं. यंत्र तशी नोंद करायचं आणि तेच पान पुन्हा वाचून बघायचं. बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जुळायचं. काम थांबायचं नाही, म्हणून कोणाला काही कळायचंही नाही.

मी प्रोग्रॅम लिहिला. चूक कुठल्याही तऱ्हेची असो, कुठल्याही फाइलीतली असो, त्या वेळी पडद्यावर बसताना ज्याने आपला नंबर टाकलेला असेल त्याच्या नावावर एक वाढवायची. काम चार ओळींत झालं. चारच ओळींत झालं याचा मला अभिमान वाटला, हे लिहितानासुद्धा माझे कान तापतात.

पहिल्या महिन्याचा तक्ता निघाला. ताईचं नाव सगळ्यात वर. बाकीच्या तिघांच्या नावावर पंधरा-वीस चुका आणि तिच्या नावावर साठाच्या वर. दुसऱ्या महिन्यात सत्तर, तिसऱ्यात आणखी जास्त. एक जण चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, “धान रोवणारे हात हायेत भाऊ, बटनं कशी दाबतीन?” सगळे हसले. मीसुद्धा हसलो असणार, कारण हसलो नाही असं मला आठवत नाही.

ती हसली नाही आणि भांडलीही नाही. ती एकेक कार्ड दोनदा तपासायला लागली, मग तीनदा. डब्याच्या सुट्टीत आमच्यात बसणं तिने बंद केलं आणि पडद्यासमोरच भाकरी खायला लागली. चौथ्या महिन्यात ती चष्मा लावून आली. माझ्या टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली, “भाऊ, कोन्या कार्डात चूक होते ते दाखवान का मले? मी सारे तपासून राहिली, सापडूनच नाही राहिली.” मी कामात होतो. म्हणालो, “ताई, यंत्र चुकत नाही. जरा सावकाश करा.” ती सावकाश करायला लागली. मग तिची कार्डं कमी भरायला लागली आणि साहेबांनी तेही तिच्या नावावर लिहिलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

यंत्र चुकत नाही, हे वाक्य मी बोललो. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने. मला आज कोणी असं म्हटलं तर मी त्याला खोलीबाहेर काढतो.

रोवणी आली. रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे घरात माणूस राहत नाही, सगळे बांधीत, धानाच्या खाचरांत. ताईने आठ दिवसांची रजा टाकली आणि गेली. आता सकाळी यादी कोण उघडणार? तिघांपैकी कोणी लवकर यायला तयार नाही. शेवटी मीच सकाळी येऊन माझ्या नंबरावरून यादी उघडायला लागलो. आठवड्याच्या शेवटी सहज म्हणून तक्ता काढून पाहिला तर सगळ्यात वर माझं नाव. सतरा चुका. मी एकही कार्ड भरलं नव्हतं.

आधी मला हसू आलं. खरंच आलं. मग दोन मिनिटांनी सगळं ध्यानात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

यंत्राने बिचाऱ्याने नोंद नीट ठेवली होती. कोणती फाइल, कितवं पान, हे सगळं प्रत्येक चुकीपुढे लिहिलेलं होतं. मीच ते कधी वाचलं नव्हतं, फक्त नंबरावरून बेरीज मारली होती. ती सगळी नोंद छापून घेतली आणि दुपारभर पेन्सिल घेऊन बसलो. सामाईक यादीची तीन पानं डिस्कवरच्या खराब जागेवर होती. रोज सकाळी यादी वाचताना ती पानं अडखळायची, दोन-तीन चुका नोंदल्या जायच्या आणि जो यादी उघडेल त्याच्या गळ्यात पडायच्या. नंतर येणाऱ्यांना यादी यंत्राच्या डोक्यातून मिळायची, डिस्कला हात लावायची गरजच नाही, म्हणून त्यांची पाटी कोरी. जी बाई सगळ्यांसाठी अर्धा तास आधी बसायची तिच्याच डोक्यावर सगळ्यांचा कचरा. चोर सोडून संन्याशाला सुळी.

सामाईक यादीच्या चुका मी बाजूला काढल्या. त्यांची वेगळी ओळ केली, तिच्यापुढे कोणाचंच नाव नाही. पाच महिन्यांचे आकडे नव्याने मांडले. ताईच्या स्वतःच्या हातच्या चुका पाच महिन्यांत मिळून नऊ होत्या. चौघांत सगळ्यात कमी.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब पुण्याकडचे, शांत बोलणारे. त्यांनी कागद नीट वाचला, हे मान्य केलं पाहिजे. ती वेगळी ओळ पाहून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“ही चूक कोणाची?”

“कोणाचीच नाही साहेब. डिस्कची. सामाईक आहे.”

“कोणाचीच नाही अशी ओळ मी भंडाऱ्याच्या जिल्हा कार्यालयाला पाठवू? उद्या ते विचारतील, डिस्क खराब झाली कशी. जागा कोणी निवडली. मग ते कोणाच्या नावावर घालायचं?”

मी म्हणालो, “जागेच्या.”

ते हसले. मग म्हणाले, “नावं वर गेली आहेत. आता तक्ता बदलला तर आधीचे सगळे तक्ते खोटे ठरतात. आणि ते तुम्ही बनवलेत. तुमचंही कायम व्हायचं आहे ना अजून?” एवढं म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. आवाज चढवला नाही, दम दिला नाही. त्याची गरजच नव्हती.

नवव्या दिवशी ताई आली. नेहमीच्या पहिल्या गाडीने. नखांत बांधीचा चिखल अजून होता. तिने कुलूप काढलं, यंत्र सुरू केलं आणि अर्धा तास बसून सगळ्यांसाठी यादी उघडली. मी जिना चढलो तेव्हा ती म्हणाली, “उघडली भाऊ, बसा.” दहा वाजता साहेबांनी तिला बोलावून कागद दिला. पुढच्या महिन्यापासून यायचं नाही.

दार उघडं होतं आणि मी दारातच होतो. तिने कागद वाचला. रडली नाही. म्हणाली, “साहेब, जातो मी. पन कोनती चूक होऊन राहिली होती तेवढं सांगा. पाच महिने झाले, मले सापडून नाही राहिली.”

साहेबांनी भिंतीकडे बोट दाखवलं. “आकडा आहे ना तिथे.”

माझा कागद माझ्या हातात होता. नऊचा आकडा त्यावर होता. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं असतं तर साहेबांनी माझं काय केलं असतं? फार तर घरी पाठवलं असतं. माझ्यामागे तेव्हा ना बायको ना लेकरं. मी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. माझ्या रागातला सगळ्यात जुना वाटा हा आहे, आणि तो साहेबांचा नाही.

पुढे दोन-तीन महिने मी भंडाऱ्याला अर्ज लिहीत राहिलो. टपालाने, सरळ, साहेबांच्या डोक्यावरून. उत्तर आलं नाही. ताईच्या जागी सकाळी लवकर कोण येणार यावरून तिघांत भांडणं झाली, मग पाळी लावली, आणि गंमत म्हणजे चुका आता तिघांत सारख्या वाटल्या गेल्या. साहेब म्हणाले, बघा, एकूण काम समतोल झालं. त्या दिवशी मी राजीनामा लिहिला. फार उशिराचं शौर्य होतं ते, त्याला फुकटचं म्हणतात.

दिवाळी उलटल्यावर सिहोऱ्याला गेलो. बसमधून उतरून घर विचारलं तर एका म्हाताऱ्याने सांगितलं, “थे मशीनवाली? जिले चुका करते म्हणून काहाडलं, थे? खळ्यावर असन.” म्हणजे गावभर हे झालं होतं. मला वाटलं होतं तिची फक्त नोकरी गेली.

धान कापून झालं होतं आणि खळ्यावर पुंजणे, म्हणजे भाऱ्यांच्या गंजी, रचायचं काम चाललं होतं. नवरा पुंजण्यावर उभा, खाली ताई त्याला भारे देत होती. सासू आणि शेजारच्या दोन बाया बाजूला बसल्या होत्या. मला पाहून ती थांबली. पदराने हात पुसले. “भाऊ, तुमी इकडे कायले आले?”

मी कागद पुढे केला. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं. तिने इतक्या सावकाश वाचलं की वरून नवऱ्याने विचारलं, काय झालं.

“म्हंजे माह्या नऊच होत्या,” ती म्हणाली.

“हो.”

“पाच महिन्यांत नऊ.”

“हो ताई.”

“मले वाटलं माहे डोये गेले. घरी आल्यावर लेकराच्या पाटीवरचं बी दोन-दोनदा वाचत होती. भाजीत मीठ टाकलं का नाही टाकलं, याचा बी भरोसा नव्हता राहिला.”

सासूने विचारलं, “काय म्हणते कागद?”

“म्हणते का मी चुकली नाही.”

सासू माझ्याकडे वळली. “मंग चुकलं कोन?”

मी सांगायला लागलो. खाली मिल आहे, कोंडा उडतो, वीज कमीजास्त होते, त्याने डिस्क खराब होते, मग बेरीज जुळत नाही. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू आला. शांत, समजावणारा, अगदी साहेबांसारखा. ताई ऐकत होती. मी थांबल्यावर ती म्हणाली, “धूळ तं समजली भाऊ. धुळीच्या चुका माह्या नावावर कोनं टाकल्या?”

“मी.”

“आन् तुमाले हे कवा मालूम झालं?”

“तुम्ही रोवणीला गेला होता तेव्हा.”

“म्हंजे साहेबानं मले कागद देल्ला, मी इचारलं का चूक सांगा, तवा तुमाले मालूम होतं.”

“होतं.”

पुंजण्यावरून नवरा खाली उतरला होता. कोणी आवाज चढवला नाही. दोन शिव्या मिळाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि बहुतेक म्हणूनच मिळाल्या नाहीत. ताईने माझ्या खिशाकडे पाहिलं. “पेन हाये ना तुमच्यापाशी? मंग हे खाली लिवा. यंत्राचं छापलेलं नको. तुमच्या हातानं.”

कागद मांडीवर घेऊन मी लिहिलं की वरच्या सगळ्या चुका या बाईच्या नव्हत्या, त्या माझ्या प्रोग्रॅममुळे तिच्या नावावर पडल्या. खाली सही केली आणि कागद दिला. तिने बोट ठेवून वाचला आणि परत माझ्यापुढे धरला.

“तारीख टाका.”

“आजची?”

“नाही,” ती म्हणाली. “तुमाले मालूम झालं त्या दिवसाची.”

मी ती तारीख टाकली.